विल्सन निधी आणि त्याची मराठी कमाई

एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने निधी उभारायचा ठरला की पहिल्या बैठकीत बहुधा तीनच गोष्टींवर चर्चा होते : रक्कम किती जमेल, नाव कसे द्यायचे आणि समारंभाला अध्यक्ष कोण. त्या पैशाने नेमके काय व्हावे हा प्रश्न चहा झाल्यावर, उठता उठता निघतो. मग ‘अमुक विषयात पहिल्या येणाऱ्यास’ असा एक ठराव होतो आणि मंडळी घरी जातात. मुंबई विद्यापीठातल्या एका जुन्या निधीचा इतिहास हा क्रम उलटा असावा असे सांगतो. तो निधी म्हणजे डॉ. जॉन विल्सन यांच्या गौरवार्थ स्थापन झालेली भाषाशास्त्राची व्याख्यानमाला, अभ्यासकांच्या बोलण्यात ‘विल्सन फिलॉलॉजिकल लेक्चर्स’. ही माला टिकली आणि फळली ती मूळ रक्कम मोठी होती म्हणून नव्हे, आणि विल्सन सर्वांना प्रिय होते म्हणूनही नव्हे. तिच्या अटींनी नावाआधी विषय ठेवला आणि माणूस निवडताना त्याचा हुद्दा पाहण्याचे बंधन घातले नाही, म्हणून ती फळली. त्यातून मराठीला जे मिळाले ते त्या काळचा अभ्यासक्रम द्यायला तयार नव्हता. पुढचे सारे विवेचन या एका विधानाच्या समर्थनार्थ आहे.

विल्सन यांचा जन्म १८०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉडर गावी झाला. १८२९ च्या फेब्रुवारीत ते पत्नी मार्गारेटसह मुंबईला आले आणि आधी बाणकोट-हर्णै भागात राहून मराठी शिकले. कोकणातल्या माणसांत बसून कमावलेले हे मराठी पुढे त्यांच्या फार कामी आले. १८३२ मध्ये त्यांनी अंब्रोळी इथे काढलेली इंग्रजी शाळा म्हणजेच आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ. गिरगाव चौपाटीवरची इमारत १८८९ ची, त्यांच्या मृत्यूनंतरची. धर्मोपदेश हा त्यांचा पेशा, पण अभ्यासकाची नजर जन्मजात असावी. १८३५ मध्ये गिरनारच्या शिलालेखाची प्रत त्यांनी मिळवली आणि ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोचली. अशोकाचे लेख वाचण्याच्या कामात तिचा उपयोग झाला. १८५७ मध्ये मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तिला मराठी भाषेचे घटक, तिचा प्रसार आणि उपयोग यांविषयी प्रास्ताविक टिपण जोडले आहे, ते विल्सन यांचे. कोश चाळणारे बहुतेक जण ती पाने ओलांडून थेट शब्दाकडे जातात, ही गोष्ट वेगळी. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद, पुढे १८६८ मध्ये विद्यापीठाचे कुलगुरुपद, आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच मृत्यू, असा त्यांच्या चरित्राचा सांगाडा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. विल्सन हे ‘सर्वांचे लाडके गुरुजी’ खचितच नव्हते. १८३० च्या सुमारास मोरभट दांडेकरांशी त्यांचे जाहीर वाद झाले आणि त्यांतून दोन्ही बाजूंची पुस्तके निघाली. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि कितीतरी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मधल्या श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणाने तर ब्राह्मण समाजातच उभी फूट पडली. मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना त्याची झळ सोसावी लागली. अशा माणसाच्या नावाचा निधी विद्यापीठाने चालवावा काय, असे कोणी विचारले तर ते अन्यायाचे होणार नाही. माझे उत्तर एवढेच की हा प्रश्न निधीच्या नावाला विचारण्याऐवजी त्याच्या अटींना विचारावा. त्या अटींत धर्माचा संबंध नाही. आणि मालेच्या आरंभी ज्यांनी व्याख्याने दिली ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर ख्रिस्ती नव्हते. प्रार्थनासमाजाचे ते आधारस्तंभ होते. मिशनऱ्याच्या नावाचा पैसा मिशनच्या कामाला न लागता पाली, प्राकृत आणि मराठीच्या कामाला लागला.

निधीचे मूळ विल्सन यांच्या हयातीतले आहे. १८६९ मध्ये त्यांच्या भारतातल्या वास्तव्याला चाळीस वर्षे झाली, तेव्हा मुंबईकरांनी मानपत्रासोबत २१,००० रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. ही रक्कम खासगी मालमत्ता न होता उच्च शिक्षणाच्या कामी लागावी असे ठरले आणि तिच्यातून विद्यापीठात भाषाशास्त्राचे व्याख्यातेपद उभे राहिले. त्याला विषयांचे चार गट आखून दिले होते : संस्कृत आणि तिच्यातून आलेल्या प्राकृत भाषा, हिब्रू व इतर सेमिटिक भाषा, ग्रीक-लॅटिन, आणि आपल्या मूळ स्रोतांसह इंग्रजी. हे गट विल्सन यांच्या स्वतःच्या व्यासंगाचा आराखडाच आहेत. त्यांच्या आयुष्यातली वादग्रस्त बाजू बाजूला ठेवून जी बाजू सर्वांना मान्य होती, तिच्यात पुढे भर पडावी अशी ही योजना होती. पुतळा उभारला असता तर अख्खा माणूस उभा करावा लागला असता, दांडेकरांशी वाद घालणाराही. व्याख्यातेपदाने त्यातला अभ्यासक तेवढा निवडून घेतला.

आता मुख्य पुरावा. १८७७ साली या पदावर भांडारकरांची निवड झाली, तेव्हा सरकारी शिक्षणखात्यात त्यांचे स्थान काय होते? मुंबई विद्यापीठाचे ते १८६२ चे पदवीधर, म्हणजे रानडे, वागळे, मोडक यांच्यासह अगदी पहिल्या तुकडीतले. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाच्या जागेवर त्यांनी हंगामी काम केले होते. पण ती जागा कायमची भरायची वेळ आली, तेव्हा १८७३ मध्ये ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली आणि भांडारकर दुय्यम पदावर राहिले. डेक्कन कॉलेजात त्यांना कायम प्राध्यापकपद मिळायला १८८२ साल उजाडले. म्हणजे ज्या वर्षी विद्यापीठाने त्यांना भाषाशास्त्राचे व्याख्याते म्हणून व्यासपीठावर बसवले, त्या वर्षी सरकारच्या लेखी ते त्याच विषयात दुसऱ्या क्रमांकाचे होते. नेमणुका, बढत्या, गोरे-काळे अशी जी उतरंड खात्यात होती, ती या निधीला लागू नव्हती. म्हणून योग्य माणूस योग्य जागी बसला. पुढे ते मोठे झालेच असते, निधीला श्रेय कशाला, असे कोणी म्हणेल. मोठे झाले असते हे खरे. पण १८७७ मध्येच, चाळिशीत असताना, सात व्याख्यानांचा सलग ग्रंथ मांडण्याचे निमित्त त्यांना दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेने दिले असते, हे आक्षेपकाला दाखवावे लागेल.

त्या सात व्याख्यानांचा आवाका आजही चकित करतो. भाषावाढीचे सामान्य नियम आणि संस्कृतच्या अवस्था यांपासून सुरुवात, मग पाली, मग प्राकृते व अपभ्रंश, नंतर उत्तर भारतातल्या देशी भाषांचे उच्चार, त्यांत शिल्लक राहिलेली जुनी व्याकरणरूपे, नवी घडलेली रूपे, आणि शेवटी या सर्वांचे परस्परसंबंध. मराठी वाचकाला त्यातली पद्धत एका उदाहरणाने कळेल. संस्कृत ‘हस्त’, ‘कर्ण’, ‘सप्त’ यांचे प्राकृतात ‘हत्थ’, ‘कण्ण’, ‘सत्त’ झाले. मराठीत येताना जोडाक्षरातले एक व्यंजन गळाले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबला : हात, कान, सात. पंजाबीने मात्र ते जोडव्यंजन अजून धरून ठेवले आहे. तिथे हत्थ, कन्न, सत्त असेच म्हणतात. बाजारात सात आंबे मोजणारी बाई अपभ्रष्ट बोलत नसून नियमाने बोलते आहे, हे अशा मांडणीतून सिद्ध होते. ज्या काळी शास्त्रीमंडळी देशी भाषेकडे संस्कृतची मोडतोड म्हणून पाहत होती, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. बीम्स यांच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला खंड १८७२ चा आणि तिसरा १८७९ चा. हॉर्नले यांचा ग्रंथ १८८० चा. म्हणजे भांडारकर या क्षेत्रात मागून आलेले नव्हते, पहिल्या रांगेत होते.

याच्या शेजारी विद्यापीठाचा तेव्हाचा अभ्यासक्रम ठेवून पाहावा. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत, १८६० च्या दशकात, देशी भाषा पदवीच्या अभ्यासक्रमातून बाहेर गेल्या. कारण असे सांगण्यात आले की त्यांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही आणि अभिजात भाषा शिकली की बुद्धीला वळण लागते. त्या परत याव्यात म्हणून न्या. रानड्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला तो त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी. या मधल्या काळात विद्यापीठाच्या अधिकृत छत्राखाली मराठीचा, गुजरातीचा शास्त्रीय विचार करायला एक खिडकी उघडी होती, ती विल्सन निधीच्या पहिल्या गटातल्या ‘तिच्यातून आलेल्या प्राकृत भाषा’ या शब्दांची. हे शब्द घालणाऱ्यांना पुढचे सारे दिसत होते असे मला वाटत नाही. पण विषय नेमका आणि तरीही ऐसपैस आखला की तो आखणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे उपयोगी पडतो.

पुढची निवड पाहिली तरी हेच दिसते. १९१५-१६ चे व्याख्याते नरसिंहराव दिवेटिया सरकारी मुलकी नोकरीतून निवृत्त झालेले कवी-विद्वान होते. एल्फिन्स्टनमध्ये गुजराती शिकवायला ते नंतर, १९२१ मध्ये गेले. गुजराती भाषा आणि साहित्यावरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ या व्याख्यानांतून झाला. त्याच सुमारास मराठीवर व्याख्याने देणारे वा. ब. पटवर्धन फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवत. मराठीच्या प्राध्यापकाची खुर्चीच जिथे धड तयार नव्हती, तिथे मराठीवर बोलणारा माणूस खुर्चीवरून निवडता आला नसता. तो वाचनावरून, लिखाणावरूनच निवडावा लागला. १९४१ मध्ये सु. मं. कत्रे यांनी भारतीय आर्यभाषांच्या ऐतिहासिक अभ्यासातले प्रश्न मांडले. कोकणीच्या घडणीवर काम करणारा हा अभ्यासक. पुढे अ. मा. घाटगे यांची याच परंपरेतली व्याख्याने विद्यापीठाने १९६२ मध्ये छापली. सरकारी निवृत्तांपासून प्राकृतच्या पंडितांपर्यंत पसरलेली ही यादी एखाद्या विभागाच्या सेवाज्येष्ठतेच्या पटावरून तयार झाली नसती.

दुसरा आक्षेप शिष्यवृत्तीच्या बाजूने येतो. व्याख्यान हे आधीच नाव कमावलेल्याला मिळते. गुरूचे स्मरण करायचे तर विद्यार्थ्याला मदत करावी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाच्या संस्कृत शिष्यवृत्तीचे. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ मध्ये मिळाली, आणि ‘शंकरशेट मिळाली’ एवढे म्हटले की मराठी घरांत पुढे काही सांगावे लागत नसे. पण ही शिष्यवृत्ती झालेल्या परीक्षेच्या गुणांना मिळते. ती मिळवणारा पुढे संस्कृतात काही करील अशी तिची अपेक्षाही नाही. देशमुख अर्थकारणात गेले आणि त्यात वावगे काही नाही. गौरव म्हणून ती उत्तम. विषय वाढवण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहिले, तर ती ज्याच्या घरी आधीच पाठांतर होते त्याच्याच पदरात पडण्याचा संभव जास्त. याउलट मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात जी शिष्यवृत्ती सुरू झाली, तिने पदवीनंतरच्या स्वतंत्र अभ्यासाला पैसा दिला. बंगालमध्ये लोक नावापुढे ‘पी.आर.एस.’ लावत. जदुनाथ सरकार यांना ती १८९७ मध्ये मिळाली आणि औरंगजेबकालीन भारताच्या भूगोल-आकडेवारीवरचे त्यांचे १९०१ चे पहिले पुस्तक त्यातूनच निघाले. शिवाजीवर लिहिणारे जदुनाथ घडण्याची ती पहिली पायरी होती. त्याच प्रेमचंदांच्या पैशातून मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर मिळाला. टॉवरला माझा विरोध नाही, घड्याळ सगळ्यांच्या उपयोगी पडते. पण मुंबईच्या दानातून संशोधक कलकत्त्यात तयार झाले एवढे नोंदवायला हरकत नसावी. तेव्हा वाद शिष्यवृत्ती की व्याख्यान असा नाहीच. पैसा झालेल्या यशाला द्यायचा की व्हायच्या कामाला, असा तो आहे. विल्सन निधी दुसऱ्या बाजूला मोडतो, रायचंद शिष्यवृत्तीही.

तिसरा आक्षेप महात्मा फुल्यांचा म्हणावा लागेल, जरी तो त्यांनी या निधीवर घेतलेला नसला तरी. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्याच पुण्यातल्या शाळेत शिकले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की शेतकऱ्याच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या पैशावर हे चालते त्यांची पोरे अक्षरओळखीपासून वंचित राहतात. फोर्टात इंग्रजीतून प्राकृतवर दिलेली सात व्याख्याने ऐकायला कोण बसले असेल, हे सांगायला नको. विल्सन निधी वर्गणीतून आला होता, महसुलातून नाही, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण विद्यापीठाची सारी व्यवस्था महसुलावरच उभी होती, म्हणून मी त्याच्यावर फार भर देणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की या व्याख्यानांनी ज्याचा अभ्यास केला ती भाषा पोथीतली नव्हती, फुल्यांचा शेतकरी बोलत होता ती होती. तिला व्याकरण आहे, इतिहास आहे हे विद्यापीठात सिद्ध झाल्यावर तिला दाराबाहेर ठेवण्याचे कारण लंगडे पडले. फुल्यांचा मुख्य मुद्दा यामुळे खोडला जात नाही. पोरांच्या शाळा या निधीने काढल्या नाहीत.

या निधीचा खरा दोष माझ्या मते वेगळाच होता, आणि त्याची चर्चा कमी झाली आहे. त्याने बोलण्याची सोय केली; छापण्याची केली नाही, निदान वेळेवर तरी नाही. भांडारकरांनी १८७७ मध्ये दिलेली व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली १९१४ मध्ये. मधल्या काळात काही भाग एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला, म्हणून ती अगदीच हरवली नाहीत. पण सात व्याख्यानांचे सलग पुस्तक हाती यायला सदतीस वर्षे लागली. तोवर हॉर्नले येऊन गेले होते, ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचे खंड निघू लागले होते, आणि जे १८७७ मध्ये नवे होते ते १९१४ मध्ये इतिहासाचा भाग झाले होते. दिवेटियांचा पहिला खंड १९२१ चा, दुसरा थेट १९३२ चा. कत्र्यांचे पुस्तक तीन वर्षांत निघाले, हा त्या मानाने चमत्कारच. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध केला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये दिला. पण भांडारकरांची व्याख्याने १८८० च्या आत छापली गेली असती, तर मराठी भाषेच्या इतिहासाची चर्चा किमान एक पिढी आधी सुरू झाली असती असा माझा कयास आहे. मूळ रक्कम पाहिली तर त्यात नवल नाही. २१,००० रुपयांवर शेकडा चार दराने वर्षाला ८४० रुपये होतात. व्याख्यात्याचे मानधन त्यातून निघते. देवनागरी, ग्रीक आणि रोमन असे तिन्ही खिळे जुळवणारा छापखाना त्यातून निघत नाही. रुपयाची किंमत घसरते म्हणून असे निधी निरर्थक होतात, हा आक्षेप इथे अर्धाच लागू पडतो. घसरलेल्या रुपयाची भरपाई विद्यापीठाच्या प्रतिष्ठेने होऊ शकते, विद्वान अल्प मानधनावरही येतात. छापखानदार येत नाही.

निधीचा पुढचा हिशेब त्याच्या स्वतःच्या वहीत सापडणार नाही. भांडारकरांच्या शिष्यांनी आपल्या गुरूचा गौरव करायचे ठरवले तेव्हा त्यांनीही नावाआधी काम पाहिले. ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह दिला, सरकारने डेक्कन कॉलेजातली हस्तलिखिते तिकडे सोपवली, आणि १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. संस्था उभी करणाऱ्यांत फर्ग्युसनचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे होते. लाइपझिगला जाऊन त्यांनी भाषाशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती आणि १९१८ मध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्रवेशपुस्तक लिहिले होते. चाळिशी गाठण्याआधी, १९२२ मध्ये ते गेले. त्याच वर्षी मुंबईत विल्सन व्याख्याते म्हणून राल्फ टर्नर बोलले, तेव्हा ते बनारसच्या हिंदू विद्यापीठातली नोकरी संपवून विलायतेला परतण्याच्या बेतात होते. पुढे पुणे विद्यापीठाने गुणे यांच्या नावाने स्मारक व्याख्याने सुरू केली. त्या मालेतले पहिले पुस्तक १९६० मध्ये निघाले : भारतीय आर्यभाषांतल्या ध्वनिपरिवर्तनाचे काही प्रश्न, लेखक राल्फ टर्नर. सहा वर्षांनी त्यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश पुरा झाला, आणि त्यातल्या ‘हस्त’ या नोंदीखाली मराठी ‘हात’ पंजाबी ‘हत्थ’सोबत बसला आहे.